पीएचच्या रुग्णाचं लोह कमी पडलं तर: रिपोर्ट वाचण्यापासून सलाईनपर्यंत

पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे पीएच, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत वाढलेला दाब. अशा माणसाला दम लागणारच, हे सगळ्यांनी इतकं गृहीत धरलेलं असतं की जास्तीचा दम कुणी मोजतच नाही. दिवाळीत जी बाई घरचा जिना मध्ये एकदा टेकून चढत होती, ती संक्रांतीपर्यंत तीनदा टेकायला लागते. घरचे म्हणतात, आजार वाढला. डॉक्टर सिल्डेनाफिल या पीएचच्या गोळीच्या जोडीला दुसरी गोळी लिहायच्या विचारात असतात. आणि फाईलच्या तळाशी, इकोच्या रिपोर्टखाली, हिमोग्लोबिन ८.६ लिहिलेला कागद दबून पडलेला असतो.

मी नागपुरात छातीविकारांची डॉक्टर आहे. पीएचच्या रुग्णाचा दम वाढला की औषध वाढवण्याआधी मी लोह बघते. लोह कमी निघालं तरी लगेच गोळी लिहीत नाही. ते खरंच कमी आहे का, कुठून जातंय आणि कोणत्या वाटेनं परत द्यायचं, हे तीन प्रश्न याच क्रमानं सोडवावे लागतात. हा लेख रुग्णांसाठी, घरच्यांसाठी आणि गावातल्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण त्यांना काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक हवं.

बोटावरचं मशीन जे सांगत नाही

"ऑक्सिजन तर ब्याण्णव दाखवून राहिलं ना मॅडम, नेहमीसारखंच. मग दम कायचा?" कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आलं, तेव्हापासून हा प्रश्न ठरलेला.

ते मशीन टक्केवारी सांगतं. रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातल्या किती भागावर ऑक्सिजन चढलाय एवढंच. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे त्याला कळत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन १४ आणि ऑक्सिजन ९२ टक्के असेल तर १०० मिली रक्तात सुमारे १७ मिली ऑक्सिजन असतो. हिमोग्लोबिन ८ वर आलं तर तोच आकडा १० च्याही खाली जातो. मशीन दोन्ही वेळा ९२ दाखवतं.

धडधाकट माणसाचं हृदय जोरात पंप करून ही तूट भरून काढतं. पीएचमध्ये हृदयाची उजवी बाजू आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलून दमलेली असते, तिच्याकडे ही जास्तीची ताकद नसते. म्हणून दुसरा कुणी हिमोग्लोबिन ९ वर शेतात राबतो आणि पीएचचा रुग्ण तेवढ्याच आकड्यावर आंघोळ करून आला तरी पलंगावर बसून राहतो. पायांना सूज, चक्कर, छातीत धडधड, ही लक्षणं दोन्ही आजारांत सारखीच असल्यानं नुसतं विचारून काही कळत नाही.

लोहाचं काम हिमोग्लोबिनपाशी संपत नाही. स्नायूंना लोह लागतं, आणि फुप्फुसाच्या धमन्यांनाही. ऑक्सिजन कमी पडतोय अशी हाकाटी देणारं एक प्रथिन पेशीत असतं, हायपॉक्सिया इंड्युसिबल फॅक्टर. ऑक्सिजन पुरेसा असताना पेशी ते मोडून टाकत असते आणि मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लोह लागतं. लोह नसलं की हाकाटी थांबत नाही आणि धमन्या आवळलेल्या राहतात. पेरू देशात सेरो दे पास्को नावाचं ४३४० मीटर उंचीवरचं शहर आहे. तिथे निरोगी पुरुषांना नेऊन केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. उंचीमुळे फुप्फुसांतला दाब वाढला होता, शिरेतून लोह दिल्यावर तो पाऱ्याच्या साधारण ६ मिलिमीटरनं उतरला.

हे वाचून कुणाला वाटेल, मग लोह हेच पीएचचं औषध! तसं नाही. पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शनच्या (हा पीएचचाच एक प्रकार), लोह कमी असलेल्या रुग्णांना शिरेतून लोह देऊन केलेल्या चाचण्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. औषध सोसलं, पण व्यायामाची क्षमता किंवा फुप्फुसांतला दाब सुधारला नाही. म्हणून युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वेगळ्या ओळी आहेत. लोहाच्या कमतरतेनं ॲनिमिया झाला असेल तर तो दुरुस्त करा, ही ठाम शिफारस. लोह कमी पण हिमोग्लोबिन ठीक असेल तर देण्याचा विचार करता येईल, एवढंच. मी स्वतः दुसऱ्या गटात हात राखून असते. रुग्णाला थकवा असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल तरच देते, आणि पीएचच्या गोळ्या यामुळे कमी होणार नाहीत हे आधीच सांगून ठेवते.

रिपोर्ट वाचायचा कसा

नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही. सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), सीरम आयर्न, टीआयबीसी (रक्ताची लोह वाहण्याची एकूण क्षमता), सीआरपी (शरीरात सूज आहे का ते सांगणारी तपासणी), बी-१२ आणि क्रिएटिनिन एकाच वेळी करून घ्या. आयर्नची गोळी सुरू असेल तर रक्त देण्याआधी एक-दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर सीरम आयर्न उगाच फुगलेलं येतं. ताप-खोकला चालू असताना तपासणी टाळा.

भिवापूरकडची एक छत्तिशीतली रुग्ण, वजन ४६ किलो. हिमोग्लोबिन ८.६, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ७०, फेरिटिन ६४. लॅबच्या कागदावर फेरिटिनची खालची मर्यादा १३ छापलेली, त्यामुळे ६४ साध्या अक्षरात, ना ठळक ना बाण. तिचे दीर म्हणाले, "आयर्न तर नॉर्मल आहे जी." फेरिटिन हे साठ्याचं माप खरं, पण शरीरात कुठेही सूज किंवा जुनाट आजार असला की ते वाढतं, आणि पीएचमध्ये ते बऱ्याचदा तसंच असतं. म्हणून या रुग्णांत निकष वेगळा लावतात. फेरिटिन १०० च्या खाली असेल तर लोह कमी. १०० ते २९९ च्या दरम्यान असेल तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय) बघायचं, ते २० टक्क्यांच्या खाली असेल तरीही लोह कमीच. हे सॅच्युरेशन लॅबनं दिलं नसेल तर घरीच काढता येतं: सीरम आयर्नला टीआयबीसीनं भागा, शंभरनं गुणा. या बाईचं आयर्न ३१ आणि टीआयबीसी ३४०, म्हणजे ९ टक्के. वादाला जागाच नव्हती.

पण विदर्भात इथेच थांबून चालत नाही. एमसीव्ही कमी आहे म्हणून लोह कमी, असं धरून आयर्न लिहायची सवय सगळीकडे आहे. आमच्याकडे गडचिरोली-चंद्रपूरपासून नंदुरबारपर्यंत सिकल सेल आहे, नागपुरातल्या सिंधी आणि गुजराती घरांत थॅलेसेमिया मायनर भेटतो. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी लहान असतात पण लोहाचा साठा बहुधा पुरेसा. सिकल सेल तर स्वतःच पीएच घडवतो, आणि ज्याला वारंवार रक्त चढलंय त्याच्या अंगात लोह साठून राहिलेलं असतं. त्याला फेरिटिन न बघता आयर्नचं सलाईन लावणं म्हणजे आगीत तेल. आयुष्यात एकदा तरी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी तपासणी) करून घ्या. यातही एक मेख आहे. लोह फारच कमी असेल तर थॅलेसेमिया मायनर ओळखायला लागणारा ए-टूचा आकडा खोटा खाली येऊ शकतो. शंका असेल तर लोह भरल्यावर पुन्हा तपासा.

बी-१२ मी का मागते? शाकाहारी घरांत आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत दोन्ही कमतरता एकत्र असतात. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या, आणि सरासरी काढणारं मशीन एमसीव्ही ८८ देऊन मोकळं होतं.

दोन अपवाद. जन्मजात हृदयदोषातून आयझेनमेंगर (पीएच वाढून हृदयातल्या छिद्रातून रक्त उलट्या दिशेनं वाहणं) झालेल्यांचा ऑक्सिजन कायम ८०-८५ असतो. शरीर भरपाई म्हणून हिमोग्लोबिन वाढवतं, १८ सुद्धा. अशा मुलाचं हिमोग्लोबिन १४ आलं तर अभिनंदन करू नका, त्याच्यासाठी तो ॲनिमिया असू शकतो. 'रक्त घट्ट झालंय' म्हणून दर काही महिन्यांनी रक्त काढायची जुनी पद्धत अजून दिसते. तिनंच लोह संपतं, आणि ती सरसकट करू नये असंच आता सांगितलं जातं. या रुग्णांना लोह द्यायचं ते थोडं-थोडं, मधून मधून हिमोग्लोबिन बघत.

दुसरा अपवाद औषधांचा. बोसेंटान, ॲम्ब्रिसेंटान, मॅसिटेंटान या पीएचच्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमनं उतरू शकतं. रक्तातलं पाणी वाढल्यानं ते पातळ होतं, लोह कुठे जात नाही. फेरिटिन ठीक असेल तर आयर्न देऊन उपयोग नाही, पण गोळी सुरू करण्याआधीचा आकडा फाईलमध्ये असलाच पाहिजे. उलट, अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळालेलं सोटाटरसेप्ट हिमोग्लोबिन वाढवतं. कुणाला ते चालू असेल तर आयर्न सुरू करण्याआधी पीएच टीमला विचारा.

कुठून जातंय

या प्रश्नावर सगळ्यात कमी वेळ खर्च होतो, आणि मग दर सहा महिन्यांनी तीच सलाईनं लागतात.

पीएचच्या बऱ्याच रुग्ण तरुण बायका आहेत, त्यामुळे पहिला प्रश्न पाळीचा. "नॉर्मल आहे" हे उत्तर मी घेत नाही. किती पॅड, गाठी पडतात का, रात्री उठून बदलावं लागतं का, असं विचारते. दिरासमोर नाही, अर्थातच. दिरांना तेवढ्यापुरतं रिसेप्शनवर बसवावं लागतं. पातळ रक्ताची गोळी, म्हणजे वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम, चालू असेल तर पाळी जास्त जातेच. उपाय करताना स्त्रीरोगतज्ज्ञांना पीएचबद्दल सांगा, कारण नेहमीचे उपाय इथे तसेच्या तसे चालत नाहीत. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळतात. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड गुठळीचा इतिहास असलेल्यांना जपून. हार्मोनची कॉपर-टीसारखी जी साधनं गर्भाशयात बसवतात ती उपयोगी आहेत, पण बसवताना नाडी मंदावून चक्कर येऊ शकते आणि पीएचमध्ये ती चक्कर जिवावर बेतू शकते. म्हणून क्लिनिकमध्ये नाही, भूलतज्ज्ञ असलेल्या मोठ्या रुग्णालयात. बोसेंटान घेणाऱ्यांत हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या कमी परिणामकारक होतात, हेही लक्षात राहू द्या.

पुरुष असेल किंवा पाळी गेलेली बाई असेल तर पोटातून रक्त जातंय असं धरूनच चाला. मूळव्याध, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, अल्सर. उघड्या पायांनी शेतात जाणाऱ्यांत हुकवर्म. स्क्लेरोडर्मा या कातडी ताठर करणाऱ्या आजारामुळे पीएच झालेल्यांत जठराच्या आतल्या पडद्यावर कलिंगडासारखे लाल पट्टे उमटतात आणि त्यातून रक्त झिरपत राहतं, दुर्बिणीतून बघितल्याशिवाय ते कळत नाही. घरात दोघा-तिघांना लहानपणापासून घोळणा फुटायची सवय असेल आणि ओठांवर लाल ठिपके असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. एका आनुवंशिक आजारात या दोन्हींसोबत पीएचही असू शकतो.

एंडोस्कोपी लागली तर करा, पण 'पाच मिनिटांची गुंगी' म्हणून कुठेही करू नका. गुंगीत श्वास मंदावला की फुप्फुसांतला दाब चढतो आणि रक्तदाब कोसळू शकतो. पीएच सांभाळलेला भूलतज्ज्ञ हवा. आणि तपासणीसाठी पातळ रक्ताची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. फुप्फुसांत जुन्या गुठळ्या असलेल्यांना ती आयुष्यभर लागते.

गोळी

हिमोग्लोबिन १० च्या आसपास आहे, पायांना सूज नाही, पोट बरं आहे, तर गोळीनं सुरुवात करायला हरकत नाही. फेरस सल्फेट, फ्युमरेट, ॲस्कॉर्बेट, काहीही चालेल. महागड्या पट्टीवर जास्त पैसे घालवण्यात अर्थ नाही. आरोग्यकेंद्रातल्या लाल गोळीतही ६० मिग्रॅ लोह असतं.

गोळी दिवसातून एकदाच, आणि शक्यतो एक दिवसाआड. एक डोस घेतला की यकृतातून हेप्सिडिन नावाचा संप्रेरक वाढतो आणि पुढचा साधारण दिवसभर तो आतड्यातली लोहाची वाट अडवून धरतो. सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेतल्या तर दुसरी बरीचशी फुकट जाते आणि तेवढा पोटात मुरडा. रिकाम्या पोटी घ्या, चहाच्या आधी एक तास किंवा नंतर दोन तास. आमच्याकडे हे सांगणं सोपं, पाळणं अवघड, कारण उठल्या उठल्या चहा हवाच. मग मी रात्री झोपताना घ्यायला सांगते. दूध, कॅल्शियम, ॲसिडिटीचं पातळ औषध यांच्यासोबत नको. थायरॉईडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा. संत्र्याचा रस घेतलात तर बिघडत नाही, पण व्हिटॅमिन सीची वेगळी गोळी जोडल्यानं हिमोग्लोबिन अधिक वाढत नाही, हे तपासून झालेलं आहे.

शी काळी होईल. पण पातळ रक्ताची गोळी घेणाऱ्यानं दोन काळ्यांतला फरक ओळखायला शिकलं पाहिजे. लोहामुळे होणारी शी काळपट हिरवी आणि बांधलेली असते. आतून रक्त जात असेल तर ती डांबरासारखी चकचकीत, चिकट, आणि वास असा की घरभर कळतो. तसं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन तपासा. एक ग्रॅमही वाढलं नसेल तर गोळी बदलून आणखी महिना घालवू नका. पीएचमध्ये हेप्सिडिन मुळातच चढलेलं असतं, आणि उजवं हृदय थकलेलं असेल तर आतड्याला सूज येऊन शोषण होत नाही. त्यात शोषण आणखी घटवणारं पँटोप्राझोल हे ॲसिडिटीचं औषध वर्षानुवर्षं चालू असतं, कुणी कशासाठी सुरू केलं ते कुणालाच आठवत नाही.

सलाईन

हिमोग्लोबिन ७-८ च्या आसपास असेल, गोळी सोसत नसेल किंवा लागू पडली नसेल, तर शिरेतून. कमरेवर देतात ती आयर्नची जुनी इंजेक्शनं पीएचच्या रुग्णाला घेऊच देऊ नका. पातळ रक्ताच्या गोळीवर तिथे रक्ताची मोठी गाठ होते.

दोन औषधं सहज मिळतात. आयर्न सुक्रोज स्वस्त, बऱ्याच सरकारी रुग्णालयांत उपलब्ध, पण एका वेळी २०० मिग्रॅच देता येतं, म्हणजे पाच-सहा फेऱ्या. फेरिक कार्बोक्सीमाल्टोज, ज्याला सगळे एफसीएम म्हणतात, महाग, पण एक-दोन फेऱ्यांत काम होतं. एसटीनं तीन तास येणाऱ्या, दम लागणाऱ्या बाईला सहा फेऱ्या घालायला लावण्यापेक्षा मी एफसीएम सुचवते. गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाची मजुरी धरली तर हिशेब बरोबरीत येतो.

किती लागेल? जुनं सूत्र असं: वजन गुणिले हिमोग्लोबिनमधली तूट गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. भिवापूरच्या बाईचं, १५ हे लक्ष्य धरून, ४६ गुणिले ६.४ गुणिले २.४, म्हणजे सुमारे ७००, अधिक ५००, म्हणजे १२००. एफसीएमच्या माहितीपत्रकातल्या तक्त्याप्रमाणे तिच्या वजनाला आणि हिमोग्लोबिनला १५०० येतात. पण एका बैठकीची मर्यादा किलोमागे २० मिग्रॅ आणि जास्तीत जास्त १०००, म्हणजे हिला ९२० च्या पुढे नाही. सगळ्यांना सरसकट १००० ची बाटली लावणाऱ्या डे-केअरमध्ये हे बघितलं जात नाही. तिला आम्ही ७५० आणि आठवड्यानं पुन्हा ७५० दिलं. हिमोग्लोबिन १५ च्या वर असेल तर हे औषध देत नाहीत.

जाण्याआधी ताप, खोकला, लघवीची जळजळ नाही ना ते बघा. संसर्ग चालू असताना शिरेतून लोह देत नाहीत. वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं असेल किंवा पावलं सुजली असतील तर आधी ते पाणी उतरवा. पीएचच्या रोजच्या गोळ्या त्या दिवशीही वेळेवर घ्या, 'आज सलाईन आहे' म्हणून उपाशी राहू नका. गरोदरपणाची शक्यता असेल तर सलाईनचं नंतर बघू, आधी पीएचच्या डॉक्टरांना फोन.

एफसीएम फक्त नॉर्मल सलाईनमध्ये मिसळतात, ग्लुकोजमध्ये नाही. सिस्टरांना सांगा, १०० मिलीच्या बाटलीत द्या. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. ज्याला घरी लोणचं-पापड बंद केलंय त्याच्या शिरेत ते ओतायचं कशाला? शिवाय फार पातळ केलं तर औषध टिकत नाही. वेळ किमान १५ मिनिटं. मी अर्धा तास घेते आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवते. सुई मनगटावर किंवा कोपराच्या घडीत नको, हाताच्या सरळ भागात. आधी साध्या सलाईननं शीर मोकळी आहे का ते बघायचं, संपल्यावरही थोडं सोडायचं. औषध शिरेबाहेर गेलं तर तपकिरी डाग पडतो आणि तो वर्षानुवर्षं जात नाही. जळजळ झाली तर संकोच न करता ओरडा. आणि ज्यांना पीएचच्या औषधाचा पंप किंवा कायमची लाईन आहे, त्यांनी त्या लाईनला कुणालाही हात लावू देऊ नये. लोहासाठी वेगळी शीर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सलाईन सुरू झाल्यावर काही जणांना पहिल्या मिनिटांत चेहरा गरम होणं, छाती किंवा पाठ आवळल्यासारखी वाटणं असं होतं. रक्तदाब ठीक, अंगावर गांधी नाहीत, ओठ सुजलेले नाहीत, धाप नाही. ही सहसा खरी ॲलर्जी नसते. सलाईन बंद केलं की बहुधा १०-१५ मिनिटांत शमते, मग सावकाश पुन्हा सुरू करता येतं. पण आपल्याकडे दोन गोष्टी हात न थांबता होतात. पहिली, एविल (ॲलर्जीचं औषध) आणि डेक्सा (स्टिरॉइड) यांचं इंजेक्शन. एविलनं रक्तदाब उतरतो, गुंगी येते, आणि साधी प्रतिक्रिया गंभीर दिसायला लागते. दुसरी त्याहून घातक: छातीत आवळतंय म्हटल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे नायट्रेटची गोळी. सिल्डेनाफिल, टाडालाफिल किंवा रिओसिग्वॅट घेणाऱ्याला नायट्रेटची कुठलीही गोळी दिली तर रक्तदाब पाताळात जातो. माझ्या रुग्णांना मी फाईलच्या वर लाल पेनानं लिहून देते: 'नायट्रेट देऊ नये.' तुम्हीही लिहा, आणि सुई टोचण्याआधी सिस्टरांना वाचायला लावा.

खरी ॲलर्जी असेल, म्हणजे रक्तदाब पडला, घसा आवळला, धाप लागली, तर मांडीत ॲड्रेनालिन, लगेच. म्हणून आयर्नचं सलाईन घरी कंपाउंडरकडून लावून घ्यायचं नाही, कितीही ओळखीचा असो.

एफसीएमनंतर काहींच्या रक्तातलं फॉस्फेट उतरतं, आणि दुसरी-तिसरी फेरी झालेल्यांत जास्त. दोन-तीन आठवड्यांनी हाडं दुखणं, मांड्या गळून जाणं, सलाईनआधीपेक्षा जास्त थकवा, असं झालं तर पुन्हा लोह मागू नका, फॉस्फेट तपासा.

रक्त चढवायचं का

हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं किंवा रक्तस्राव चालू असेल तर हो. नाहीतर घाई नको. एका वेळी एकच पिशवी, तीन-चार तास लावून, सूज आणि ऑक्सिजनवर नजर ठेवून. उजव्या हृदयाला एकदम आलेलं जास्तीचं पाणी सोसत नाही. पुढे फुप्फुस प्रत्यारोपणाचा विचार होऊ शकतो अशा तरुण रुग्णाला तर जपूनच, कारण दुसऱ्याच्या रक्तामुळे शरीरात अँटीबॉडी तयार होतात आणि जुळणारा अवयव मिळणं अवघड होतं. द्यावंच लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा.

ताट

जेवणानं साठा टिकतो, पण एवढी तूट भरून निघत नाही. मटण, कलेजी खाणाऱ्यांनी जरूर खावं, मीठ बेतानं. अळिवाचे लाडू, कडधान्यं, लोखंडी कढईतली भाजी, चांगलंच. बीट लाल दिसतं एवढीच त्याची पुण्याई. गुळातही लोह नाव घेण्यापुरतं.

पालेभाजीबद्दल मात्र सावध. कुणीतरी सांगतं, रक्त वाढायला रोज पालक खा. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम घेणारी व्यक्ती अचानक रोज वाटीभर पालक खाऊ लागली की त्यातल्या व्हिटॅमिन केमुळे आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) खाली येतो आणि गुठळीचा धोका वाढतो. पालेभाजी बंद करायची नाही, पण जेवढी खाता तेवढीच दर आठवड्याला खा. आणि लोहभस्म असलेली काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावतो, पण लपवलेलं कळल्यावर जास्त रागावतो.

नंतरचं वेळापत्रक

सलाईननंतर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन. फेरिटिन त्याआधी करू नका, शिरेतून दिलेल्या लोहामुळे ते ६००-८०० दाखवतं आणि घरचे घाबरून फोन करतात. आठ ते बारा आठवड्यांनी फेरिटिन आणि सॅच्युरेशन. गोळीवर असाल तर हिमोग्लोबिन भरल्यावरही साठ्यासाठी साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायची. त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांच्या पीएचच्या तपासणीत लोहाचा पॅनल जोडून घ्या. सहा मिनिटं चालण्याची चाचणी लोह भरण्याआधी आणि नंतर अशी दोनदा करा. हिमोग्लोबिन १२ वर आलं तरी चालणं तेवढंच असेल, तर आता पीएचची औषधं वाढवण्याबद्दल बोलायची वेळ आली.

भिवापूरच्या बाईचं चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झालं आणि पीएचची दुसरी गोळी सध्या तरी लांबणीवर पडली. पाळीचा बंदोबस्त व्हायचाय. त्यासाठीची मेडिकल कॉलेजची चिठ्ठी घेऊन दीर दोनदा विचारून गेले, "भूलतज्ज्ञ असतील ना जी त्या दिवशी?"

फाईलच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा: कोणतं लोह, किती मिग्रॅ, कोणत्या तारखेला, काही त्रास झाला का, आणि त्या दिवशीचं वजन. औषधाच्या बाटलीवरचं लेबल सोलून तिथेच चिकटवा, बॅच नंबरसकट.